चष्मा उतरविण्यापूर्वी

इंदूर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे होळकरांचा राजवाडा, अहिल्यादेवींची पुण्याई आणि परमुलखात राहूनही मराठीपण जपणारी कुटुंबे उभी राहतात. परदेशीपुरा हा त्याच शहराचा भाग. पण त्याची ओळख निराळी आहे. तो कष्टकऱ्यांचा परिसर. मालवा मिल, हुकुमचंद मिल यांच्या भोंग्यांवर ज्यांचा दिवस उगवत आणि मावळत असे, अशा गिरणी कामगारांच्या वस्त्या या बाजूस वाढल्या. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि तिच्या सुमारे ४,८०० कामगारांचे वा त्यांच्या वारसांचे थकलेले २२४ कोटी रुपये त्यांच्या पदरात पडण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. त्या पिढीतील जे आज हयात आहेत, त्यांचे वय मोतीबिंदूचे आहे. याच परदेशीपुऱ्यात पुढे इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्स उभे राहिले आणि गिरणीत ज्यांच्या आज्याने साचा चालविला, ती मुले संगणकाच्या पडद्यासमोर बसू लागली. त्यांच्या नाकावर विशीतच चष्मा आला. आज्याला मोतीबिंदू काढावयाचा आहे आणि नातवाला चष्मा. एकाच घरातील दोन पिढ्या नेत्रशल्यविशारदाच्या दारात उभ्या आहेत. हे चित्र इंदूरचे असले तरी म्हापसा, फोंडा वा मडगाव येथील घराघरांतही ते आज दिसू लागले आहे. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या दोन शस्त्रक्रियांत मूलभूत भेद आहे आणि तो रुग्णाने प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. मोतीबिंदूत डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होते; ते काढून कृत्रिम भिंग बसविल्यावाचून दृष्टी परत येत नाही. तेथे शस्त्रक्रिया ही गरज आहे. चष्मा घालविण्याच्या लेसर शस्त्रक्रियेची गोष्ट वेगळी. ज्या डोळ्यावर ती होते तो डोळा, विरोधाभास वाटला तरी, निरोगी असतो. केवळ काचेच्या साहाय्याने तो उत्तम पाहत असतो. अशा डोळ्याला शस्त्र लावणे ही निवड झाली आणि निवड करणाऱ्याने अधिक जाणून घेतले पाहिजे, अधिक प्रश्न विचारले पाहिजेत, हे ओघानेच आले. प्रत्यक्षात आपल्याकडे उलटेच घडते. मोतीबिंदूसाठी आजोबांना नेताना सारे घर चिंतेत असते. नातू मात्र जाहिरात वाचून, मित्राचा अनुभव ऐकून आणि लग्नाची तिथी जवळ आली म्हणून दोन दिवसांत लेसरच्या मेजावर जाऊन आडवा होतो.

गरजेची आणि सर्रास होणारी शस्त्रक्रियादेखील कशी घात करू शकते, याचा धडा इंदूरनेच दिला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथील इंदूर आय हॉस्पिटलमध्ये मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या ११ जणांच्या डोळ्यांत जंतुसंसर्ग होऊन त्यांची दृष्टी गेल्याचे उघडकीस आले आणि काहींना पुढील उपचारांसाठी चेन्नईस न्यावे लागले. त्याहून क्लेशकारक गोष्ट अशी की, याच रुग्णालयात २०१० सालीही मोतीबिंदूच्या रुग्णांवर असाच प्रसंग ओढवला होता. अशा घटनांत एकाच दिवशी, एकाच शस्त्रक्रियागृहात अनेकांचे डोळे एकदम जातात, याचे कारण उघड आहे. डोळा धुण्याचे द्रव, उपकरणे, निर्जंतुकीकरणाचे यंत्र हे सर्वांसाठी सामाईक असते. त्यांतील एक जरी दूषित असले तरी त्या दिवशीचा प्रत्येक रुग्ण धोक्यात येतो. शल्यविशारदाचा हात कितीही कुशल असो, पाण्यात जंतू असेल तर त्या कौशल्याचा उपयोग काय?

हे वाचून कोणी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेलाच भिऊ लागेल तर तो आमच्या लेखनाचा विपर्यास ठरेल. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ज्या विकारावरील शल्यकर्माचे वर्णन आहे, तो विकार आज काही मिनिटांच्या शस्त्रक्रियेने बरा होतो आणि तिचा लाभ होणाऱ्यांच्या तुलनेत हानी होणारे फारच थोडे असतात. १९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी पहिले कृत्रिम भिंग माणसाच्या डोळ्यात बसविले. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या काचेचे कण तेथे निमूटपणे राहतात, हे त्यांनी पाहिले होते. भारतात अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्यामुळे लक्षावधी गरिबांना देवीचे मुख पुन्हा डोळे भरून पाहता आले. भीती बाळगावयाची नाही. सावधगिरी बाळगावयाची आहे. ती अशी : शस्त्रक्रिया शाळेत वा मंडपात नव्हे, कायमच्या शस्त्रक्रियागृहातच व्हावी. मधुमेह आटोक्यात असावा. दोन्ही डोळे एकाच दिवशी करण्याचा आग्रह धरू नये. दुसऱ्या दिवशीची तपासणी कोणत्याही कारणाने चुकवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यात डोळा दुखू लागला, लाल झाला, अंधुक दिसू लागले तर 'होईल बरे उद्या' म्हणून एक रात्रही दवडू नये. आतील संसर्गात तासांचा हिशेब असतो; सकाळी वाचू शकणारा डोळा संध्याकाळी वाचेलच असे नाही. मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' थांबण्याची जुनी समजूतही आता सोडून द्यावी. फार पिकलेला मोतीबिंदू काढणे अधिक अवघड जाते.

आता नातवाच्या डोळ्याकडे वळू. चष्मा घालविण्याची आजची कला ज्या शोधावर उभी आहे, त्यात एका भारतीयाचा वाटा आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स वाइन व सॅम्युएल ब्लम हे तिघे अतिनील किरणांच्या एक्सायमर लेसरवर काम करीत होते. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, आदल्या दिवशीच्या सणाच्या मेजवानीतून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर श्रीनिवासन यांनी तो किरण सोडून पाहिला. भोवतालच्या भागास न भाजता, न करपवता, पेशींचा अत्यंत पातळ थर त्याने उडवून लावला. पुढे १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्या साह्याने तो बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर वापरून पाहण्यात आला. आज लेसिक म्हणून जी शस्त्रक्रिया लोकांच्या तोंडी आहे, तीत कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा बाजूस सारून खालचा भाग या किरणाने हवा तसा तासतात आणि पापुद्रा पुन्हा जागी बसवितात. पापुद्रा न करता पृष्ठावरूनच तासण्याची जुनी पद्धत आणि लहानशा छेदातून आतील भिंगाकार तुकडा काढून घेण्याची नवी स्माईल पद्धत या तिच्याच भगिनी होत. फार मोठा नंबर असेल तर कॉर्नियाला हात न लावता डोळ्यात वेगळे भिंग बसविण्याचाही मार्ग आहे.

यावरून ध्यानात येईल की, लेसर चष्म्याचा नंबर 'जाळीत' नाही. तो डोळ्याचा एक अवयव झिजवितो. झिजलेले परत येत नाही. म्हणून येथे सारा प्रश्न भांडवलाचा आहे. सामान्य माणसाचा कॉर्निया मध्यभागी सुमारे ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक जाड असतो. पापुद्र्याचे सुमारे ११० मायक्रॉन धरले आणि नंबराच्या प्रत्येक अंशामागे सुमारे १५ मायक्रॉन तासावे लागतात असे मानले, तर उणे सहा नंबराच्या माणसाचे ९० मायक्रॉन जातील आणि खाली ३४० उरतील. निदान २५० उरलेच पाहिजेत, शक्यतो ३००, असा दंडक तज्ज्ञ पाळतात. तेव्हा हा मनुष्य सुरक्षित. पण ज्याचा कॉर्निया मुळातच ४८० मायक्रॉनचा आणि नंबर उणे दहा, त्याच्यापाशी उरतील केवळ २२०. शेजाऱ्याचा चष्मा सुटला म्हणून आपलाही सुटेल हे म्हणणे किती पोकळ आहे, ते एवढ्या बेरीज-वजाबाकीवरून कळून यावे. प्रमाणाबाहेर पातळ झालेला कॉर्निया आतील दाबाने पुढे फुगू लागतो आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. काहींच्या कॉर्नियात हा दुबळेपणा जन्मजात प्रवृत्तीनेच लपलेला असतो. त्यास केराटोकोनस म्हणतात. तो साध्या तपासणीत दिसत नाही. कॉर्नियाच्या पृष्ठभागाचा नकाशा काढणाऱ्या यंत्रावरच तो उमगतो. ही तपासणी केल्यावाचून लेसरची तारीख देणाऱ्या दवाखान्यातून रुग्णाने नमस्कार करून बाहेर पडावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी काही अटी आहेत. वय अठराच्या वर हवे आणि निदान वर्षभर नंबर स्थिर असावा. वाढत्या नंबरावर केलेली शस्त्रक्रिया म्हणजे भरतीच्या रेषेत बांधलेले वाळूचे घर. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने तपासणीपूर्वी त्या डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा एक ते दोन आठवडे, काढून ठेवल्या पाहिजेत, कारण त्यांच्या दाबाने कॉर्नियाचा आकार बदललेला असतो आणि मापे चुकतात. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी थांबावे. डोळे कोरडे पडणे, अनियंत्रित मधुमेह, संधिवातासारखे विकार, डोळ्यास पूर्वी झालेली नागीण हे सारे न लपविता सांगावे. शस्त्रक्रियेनंतर कित्येकांना काही महिने डोळ्यांचा कोरडेपणा जाणवतो, रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. बहुतेकांचे हे त्रास ओसरतात, पण काहींचे राहतात. जो रात्री ट्रक चालवितो वा पहाटेच्या अंधारात ट्रॉलर हाकतो, त्याच्या दृष्टीने हे वलय म्हणजे शोभेची गोष्ट नव्हे. डोळे चोळण्याची सवय तर सोडलीच पाहिजे, आणि काही आठवडे समुद्रस्नान व पोहणे वर्ज्य. आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना ही अट वाटते त्याहून जड जाते.

लेसर काय करू शकत नाही, हे तर जाहिरातीत कोणीच सांगत नाही. आपल्या भाषेने वाचण्याच्या चष्म्याला 'चाळिशी' हे किती नेमके नाव दिले आहे! चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे वाचण्यास काच लागते. लेसर होतो कॉर्नियावर. आतील भिंगाच्या वार्धक्यास तो रोखू शकत नाही. तेव्हा अडतिसाव्या वर्षी हजारो रुपये मोजून चष्मा उतरविणारा गृहस्थ थोड्याच वर्षांत वर्तमानपत्र वाचावयास पुन्हा चष्मा शोधू लागला, तर त्यात डॉक्टरने फसविले असे नाही. पण ते आधी सांगितले नसेल तर मात्र फसविलेच. तसेच मोठ्या उणे नंबराच्या डोळ्याचा पडदा ताणलेला, पातळ असतो. नंबर गेला तरी तो पडदा तसाच राहतो आणि सुटण्याचा धोकाही राहतो. डोळ्यांपुढे अचानक विजा चमकल्या, काळे ठिपके तरंगू लागले, तर चष्मा नसलेल्या माणसानेही तातडीने धावले पाहिजे.

नवे तंत्र आले की त्याच्या दूरच्या परिणामांचा हिशेब काळच करतो. १९७० च्या दशकात सोव्हिएत रशियातील फ्योदोरोव्ह यांनी कॉर्नियावर चाकाच्या आऱ्यांसारखे छेद देऊन चष्मा घालविण्याची पद्धत रूढ केली आणि जगभर तिचा बोलबाला झाला. अमेरिकेत अशा डोळ्यांचा दहा वर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ४३ टक्के डोळ्यांचा नंबर उलट्या दिशेने एक अंश वा अधिक सरकल्याचे आढळले. ती पद्धत मागे पडली. आजचे लेसर तिच्याहून कितीतरी अचूक आहे आणि त्याच्या पाठीशी तीन दशकांचा अनुभव आहे, हे मान्य केले पाहिजे. बहुसंख्य रुग्ण त्याविषयी समाधानी असतात. मात्र 'बहुसंख्य' या शब्दात 'प्रत्येक' हा अर्थ कोणी वाचू नये.

आज्याच्या आणि नातवाच्या डोळ्यांचा धागा येथे पुन्हा जुळतो. आज लेसर करून घेणारा तरुण उद्या म्हातारा होणार आहे आणि त्यालाही मोतीबिंदू होणार आहे. त्या वेळी कोणत्या शक्तीचे भिंग बसवावयाचे याचे गणित कॉर्नियाच्या आकारावर बसवितात आणि लेसरने तो आकार बदललेला असल्याने नेहमीचे गणित चुकते. काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब मोजतानाही पातळ झालेल्या कॉर्नियामुळे दाब असतो त्याहून कमी भरतो आणि रोग लपून राहू शकतो. अशा वेळी शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, कॉर्नियाची जाडी व वक्रता यांचे जुने कागद सोन्याच्या मोलाचे ठरतात. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीनुसार आंतररुग्णाचे कागद तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे आणि रुग्णाने मागितल्यास ते ७२ तासांत द्यावयाचे आहेत. डॉक्टरचे उत्तरदायित्व तीन वर्षांचे. रुग्णाला गरज लागणार तीस वर्षांनी. तेव्हा घराच्या दस्तऐवजांसोबत, जन्मपत्रिकेसोबत हे कागदही पेटीत ठेवावेत.

कायद्याने रुग्णास निराधार ठेवलेले नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय आणि महत्त्वाचे धोके रुग्णास पुरेसे समजावून दिल्यानंतरच त्याची संमती ही खरी संमती ठरते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्कही नोंदलेला आहे. असे असता संमतीपत्र कसे भरून घेतले जाते? शस्त्रक्रियेस नेण्यापूर्वी, डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातल्यावर, म्हणजे अक्षर दिसेनासे झाल्यावर, बारीक टाईपातील इंग्रजी कागद पुढे केला जातो आणि 'येथे सही करा' असे सांगण्यात येते. पेडण्याच्या वा सत्तरीच्या खेड्यातून आलेल्या आजीने त्यातून काय समजून घ्यावे? ज्याला वाचता येत नाही अशा क्षणी घेतलेली सही ही संमतीची थट्टा आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. गोव्याच्या आरोग्य खात्याने प्रत्येक नेत्ररुग्णालयास मराठी व कोकणीतील संमतीपत्र आणि माहितीपत्रक सक्तीचे करावे; ते निदान एक दिवस आधी रुग्णाच्या घरी जावे. बांबोळीच्या गोमेकॉतील नेत्रविभागाने असे पत्रक तयार करून दिले तर खाजगी दवाखान्यांनाही सबब उरणार नाही. शस्त्रक्रियेनंतर झालेल्या प्रत्येक संसर्गाची नोंद खात्याकडे ताबडतोब पोचली पाहिजे. एका रुग्णाच्या डोळ्यात संसर्ग दिसताच शस्त्रक्रियागृह बंद झाले, तर पुढचे डोळे वाचतात. तो दहा दिवस लपविला तर इंदूर घडते.

रुग्णांनाही आमचे सांगणे आहे. विमा उतरविलेला असला तरी साडेसात अंशांहून कमी नंबरासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विम्यात साधारणतः मिळत नाही, हे आधी पाहून घ्यावे. बोटीवर, पोलिसात वा सैन्यात नोकरीची इच्छा असलेल्या तरुणाने त्या त्या सेवेस लेसर केलेला डोळा चालतो काय आणि त्यानंतर किती काळ लोटावा लागतो, याची लेखी खातरजमा केल्यावाचून पाऊल उचलू नये. सणासुदीची सवलत पाहून साडी घ्यावी. डोळा दाखवू नये. आणि 'तुमच्या डोळ्याला ही शस्त्रक्रिया मानवणार नाही' असे एखाद्या डॉक्टरने सांगितले, तर नाराज होऊन दुसरे दार ठोठावण्याआधी त्याचे मनोमन आभार मानावेत. त्याने आपले उत्पन्न बुडवून तुमचा डोळा राखला आहे.

चष्मा हे व्यंग नव्हे. मुलीच्या लग्नासाठी चष्मा आड येतो म्हणून तिला लेसरच्या मेजावर धाडणाऱ्या घरांनी खरे तर आपली दृष्टी तपासून घ्यावयास हवी. ज्याला कामासाठी, सोयीसाठी, स्वेच्छेने चष्मा सोडावयाचा आहे आणि ज्याचा डोळा तपासणीत योग्य ठरला आहे, त्याने खुशाल सोडावा. विज्ञानाचे ते देणे नाकारण्याचे कारण नाही. पण ईश्वराने दोनच डोळे दिले आहेत. त्यांवर सही करण्यापूर्वी ते उघडे असावेत, एवढीच आमची अपेक्षा.